बाप्तिस्मा आधी, जन्म नंतर?

आयरिश पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधताना बाप्तिस्म्याची (बाळाला ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीची) तारीख सरकारी दाखल्यातल्या जन्मतारखेच्या आधीची दिसली, म्हणून ही दोन वेगळी बाळं असं लगेच ठरवू नका. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. उशीर केला की दंड, म्हणून काही आईवडील जन्मतारीखच पुढची सांगत. कॅथलिक घरांत बाप्तिस्मा मात्र बहुधा काही दिवसांतच होई, त्यामुळे मी चर्चच्या वहीवर जास्त भरवसा ठेवते. तरी आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांची) नावं जुळवाच. बरेचदा ते काका-मावशीच निघतात. नुसत्या नावांच्या सूचीवर विसंबू नका, चर्चच्या वहीचं मूळ पान वाचा. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती पानं ऑनलाइन फुकट ठेवली आहेत. आणि त्याच आईवडिलांचं त्याच नावाचं बाळ दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिसलं, तर पहिलं बहुधा दगावलेलं असतं. त्याचीही मृत्युनोंद शोधा.