ग्रीक पुराणातले कॅस्टर आणि पोलक्स जुळे असूनही एक मर्त्य आणि एक अमर कसा? ते म्हणजेच आपले अश्विनीकुमार का?

आई एक, बाप दोन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. स्पार्टाची राणी लेडा हिच्याकडे झ्यूस हंसाच्या रूपात आला आणि त्याच रात्री ती तिच्या नवऱ्याजवळ, राजा टिंडरिअसजवळही होती. म्हणून मुष्टियोद्धा पोलक्स देवाचा मुलगा, अमर. आणि घोडे वठणीवर आणणारा कॅस्टर राजाचा, मर्त्य.

सगळीकडे मात्र हीच कथा नाही. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात दोघेही मेलेले आहेत. ट्रॉयच्या तटावर उभी राहून हेलन खालचे ग्रीक वीर एकेक ओळखून दाखवते. आपले दोन भाऊच तेवढे दिसत नाहीत. माझ्या बदनामीची लाज वाटून पुढे येत नसतील, असं तिला वाटतं. होमर लगेच सांगतो की ते केव्हाच मायदेशीच्या मातीत गेले आहेत. हे तिला ठाऊक नाही, आपल्याला आहे. मला तिथे दर वेळी गलबलून येतं.

आता अश्विनीकुमार. ते हेच नव्हेत, पण यांचे भाऊबंद नक्कीच. या ग्रीक जोडीचं नाव 'डिऑस्कुरॉय', म्हणजे झ्यूसचे मुलगे. ऋग्वेदात अश्विनांना 'दिवो नपाता' म्हटलंय, द्यौचे म्हणजे आकाशदेवाचे पुत्र. आणि झ्यूस व द्यौ हे शब्द मुळात एकच. घोडे दोन्हीकडे आहेत. अश्विन भुज्यू नावाच्या माणसाला समुद्रातून वाचवतात, तर ग्रीक खलाशी वादळात या जुळ्यांचाच धावा करत. सगळ्यात विलक्षण म्हणजे ऋग्वेदात (१.१८१) एक अश्विन सुमखाचा आणि दुसरा द्यौचा मुलगा आहे. तिथेही बाप दोनच! फक्त अश्विन वैद्य आहेत, आणि एकाने दुसऱ्यासाठी मरण वाटून घेण्याची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलेली नाही.

रोमनांनी हे देव उचलले ते लढाईसाठी. रेगिलस तळ्याकाठी जिंकल्यावर दोन अनोळखी तरुण रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, घोड्यांना पाणी पाजताना दिसले, अशी आख्यायिका. इ.स.पू. ४८४ मध्ये तिथेच त्यांचं देऊळ झालं. पुढच्या जीर्णोद्धारातले तीन खांब अजून उभे आहेत.

आकाशात मात्र त्यांना अश्विनी नक्षत्रात शोधू नका. मिथुन राशीतलं आपलं पुनर्वसू म्हणजे हे दोघे. फेब्रुवारीच्या रात्री वर पाहिलंत तर जवळजवळ दोन ठळक तारे दिसतील. पांढरा तो कॅस्टर, किंचित पिवळसर आणि जास्त तेजस्वी तो पोलक्स. जुलैत सूर्य याच नक्षत्रात असतो तेव्हाच्या पावसाला आपल्याकडे 'तरणा' म्हणतात.

पोलक्सचं मरण वाटून घेणं पिंडार या कवीने सांगितलंय. चुलतभावांशी झालेल्या मारामारीत कॅस्टरला भाला लागला. पोलक्स धावत आला तेव्हा कॅस्टरला धाप लागली होती, पण जीव गेला नव्हता. याच्यासोबत मलाही मरू दे, असं पोलक्स रडत बापाला म्हणाला. झ्यूसने पर्याय दिला: एकट्याने कायम देवांत राहा, किंवा भावाबरोबर अर्धा काळ जमिनीखाली आणि अर्धा स्वर्गात. पोलक्सने क्षणभरही विचार केला नाही. आधी कॅस्टरचा डोळा उघडला, मग त्याला वाचा फुटली.