दर शुक्रवारी पुसला जाणारा उशीर

"मॅडम, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आहे, गँट चार्ट आहे, रोज संध्याकाळी तासभर अपडेट करत बसते. तरी प्रत्येक काम उशिराच. म्हणजे मलाच जमत नाही ना?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत राहतो, म्हणून ही एक केस लिहिते. (मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट म्हणजे कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर; गँट चार्ट म्हणजे कुठलं काम कधी ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा त्यातला तक्ता.) (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाई टीम लीड. रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड, रात्री झोप नाही.

पहिल्या भेटीत त्या फक्त स्वतःला बोल लावत राहिल्या. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "लॅपटॉप घेऊन या, बघू तरी." समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं मीही असल्या तक्त्यांशी झटापट केली आहे, तेवढा फायदा.

तक्त्यात 140 कामं होती. जवळजवळ प्रत्येकाची तारीख हाताने टाकलेली. कामं एकमेकांना जोडलेली जेमतेम 9 ठिकाणी.

"डिझाइन चार दिवस लांबलं, तर टेस्टिंगचं काय होतं?"

"मी बसून पुढच्या सगळ्या तारखा सरकवते."

रोजचा तास इथे जात होता! तारखा हाताने न टाकता कुठलं काम कशावर अवलंबून आहे हे एकदा भरलं असतं, तर आधीचं काम लांबताच पुढच्या तारखा आपोआप हलल्या असत्या. कामांची कुठली साखळी लांबली की शेवटची तारीखच लांबते, म्हणजे क्रिटिकल पाथ, तोही दिसला असता. जोडण्या नसल्या की सॉफ्टवेअरचं नुसतं रंगीत कॅलेंडर होतं.

काही ओळींपुढे लाल माणसाचं चिन्ह होतं. "ते दिसलं की ओशाळायला होतं," त्या म्हणाल्या. त्याचा अर्थ एवढाच, की त्या माणसावर त्याच्या वेळेपेक्षा जास्त काम टाकलंय. बहुतेक ठिकाणी तो माणूस म्हणजे या स्वतःच. एरवी दिवसाचे 8 तास धरलेले असतात. एका मंगळवारी यांच्या नावावर 19 तास होते. तक्ता इतके महिने त्यांचीच बाजू मांडत होता, आणि या त्याला रागावणं समजत होत्या.

अंदाजांचीही तीच गत. "किती दिवस लागतील?" असं विचारलं की माणूस सगळं सुरळीत पार पडल्यावरचे दिवस सांगतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी अशा वेळी हमखास सांगते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. वाईटातला वाईट अंदाजही तोकडा! त्यामुळे टीमला अंदाज विचारण्याऐवजी मागच्या वेळी असंच काम किती दिवसांत झालं होतं ते विचारा, असं मी सुचवलं.

खरी गाठ मात्र तिसऱ्या भेटीत सापडली. मूळ योजना बेसलाइन म्हणून जतन करतात, म्हणजे काम तिच्यापासून किती घसरलं ते कळतं. या बाई दर शुक्रवारी तीच बेसलाइन नव्याने जतन करायच्या. रिपोर्टमध्ये उशीर शून्य.

"सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी काही विचारायला नको म्हणून," खाली बघत म्हणाल्या.

आणि मग प्रोजेक्ट संपता संपता सगळा उशीर एकदम अंगावर यायचा. यावर सॉफ्टवेअरचा कुठलाही कोर्स कामाचा नव्हता. पुढच्या दोन भेटी आम्ही एकच वाक्य घोटलं: "आपण 6 दिवस मागे आहोत, आणि ते या कामामुळे." पहिल्यांदा म्हणताना त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना.

त्या शुक्रवारी त्यांनी बेसलाइनला हात लावला नाही. सोमवारी वरिष्ठांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "हे कशामुळे अडलंय?" त्यांनी ओळ दाखवली. पुढची चर्चा त्या ओळीवरच झाली आणि दोन कामं नंतरच्या टप्प्यात ढकलली गेली.

रविवारची धडधड अजून पुरती थांबलेली नाही. पण हल्ली ती दुपारऐवजी रात्री सुरू होते, असं परवा हसत सांगत होत्या.