'चेक' आणि 'शह' : एकाच राजाची दोन नावं

विचारणा अशी आहे : इंग्रजीत 'चेक' म्हणजे तपासणं, चेक म्हणजे रोखणं, चेक म्हणजे बँकेत वटवायचा कागद आणि चेक म्हणजे शर्टावरच्या चौकड्या. हे चार निरनिराळे शब्द की एकच?

एकच. तपासण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो बराच उशिराचा आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

मूळ शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्या राजावर मोहरा रोखला की 'शाह!' असं बजावायचं. अरबांच्या हातून हा खेळ युरोपात गेला, शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत 'चेक'. 'चेस' हे त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून 'शह' होऊन आला. शह बसला की आधी राजाला वाचवावं लागतं, मनातली चाल अडते. म्हणून चेक म्हणजे अटकाव. पडताळणी त्यातूनच पुढे निघाली. 'अमक्याला शह देऊन धूळ चारली' असले मथळे वाचले की तळपायाची आग मस्तकात जाते. शह म्हणजे पराभव नव्हे! शहातून राजा सुटतो, उलट काटशहही देता येतो. डाव संपतो तो मात झाल्यावर.

आता खरी गंमत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब एका टेबलावर होई : १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर रेघा असलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं, म्हणून पौंड, शिलिंग, पेन्स अशा रकान्यांत सोंगट्या सरकवायच्या. ते टेबल दिसे बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून पटाच्या जुन्या फ्रेंच नावावरून त्याचं नाव 'एक्सचेकर'. शर्टावरच्या चौकड्याही याच पटावरून आल्या. रिचर्ड फिट्झनील हा तिथला खजिनदार. त्यानेच लिहून ठेवलंय की पटावर जसे दोन राजे लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ, म्हणजे परगण्याचा महसूल भरणारा अधिकारी, यांची झुंज चालते. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. एका टेबलाचं नाव आठशेहून अधिक वर्षं टिकलं!

बँकेचा 'चेक' अरबी 'सक्क'वरून आला, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. सक्क हा लेखी दस्तऐवज अरब व्यापारात होता, हे खरंच. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजीत चेक म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेलं स्थळप्रतीसारखं अर्धुक. त्यावरून तो कागदच चेक झाला, आणि एक्सचेकरच्या वळणाने ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग बदललं. अमेरिकन अजून जुनंच लिहितात. नुसत्या उच्चारसाम्यावर नातं जोडू नये.

तीच गत 'चेकमेट'ची. जुन्या इंग्रजी कोशांनी अरबी 'माता', म्हणजे 'मेला', हे क्रियापद धरून 'राजा मेला' असा अर्थ दिला आणि आपल्या लेखकांनी तो डोळे मिटून उचलला. अहो, बुद्धिबळात राजा मरतो कधी? तो पटावरच उभा असतो, फक्त जायला घर उरत नाही. फारसीत 'मात' म्हणजे हतबुद्ध, निरुपाय. 'मात-ओ-मबहूत' हा जोडशब्द थक्क झालेल्या माणसासाठी इराणात आजही वापरतात. मराठीतही आपण संकटावर मात करतो ती त्याला निष्प्रभ करून. 'शाह मात' म्हणजे राजा निरुपाय झाला, एवढंच.