एसी चालू, तरी दुपारी घुसमट

प्रश्न : मी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या अंतिम वर्षाला आहे. राजारामपुरीतील एक कार्यालय मी प्रबंधासाठी निवडले आहे. वीज वाचावी म्हणून ते दुहेरी काचा लावून बंदिस्त केले असून तेथे स्प्लिट एसी आहेत. वीजबिल कमी येते, भिंतीवरचा तापमापक 25 अंश दाखवतो. तरीही दुपारी कर्मचाऱ्यांचे डोके जड होते आणि पश्चिमेच्या काचेजवळ बसणाऱ्यांना उकडते. संशोधन कोठून सुरू करावे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : भिंतीवरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजमाप माणूस बसतो तेथे करा. डोके जड होण्यामागे आधी हवेकडे संशयाने पाहावे. स्प्लिट एसी बहुधा खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो. कौलारू घरात फटींतून हवा खेळते. बंदिस्त इमारतीत ती वाट बुजते आणि ताज्या हवेची वेगळी सोय राहून जाते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो. आत तो 1000च्या बराच वर राहत असेल, तर वायुवीजन अपुरे आहे असे समजावे. मात्र हा वायू मोजणारे यंत्र कोणाच्या तोंडासमोर ठेवू नका, कारण उच्छ्वासातच त्या वायूचे प्रमाण सुमारे 40,000 पीपीएम असते.

उकाड्याचे कारण निराळे आहे. तापलेली काच अंगावर उष्णता फेकते आणि साध्या तापमापकाला ती नीट कळत नाही. त्यासाठी काळा गोल तापमापक, म्हणजे काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला तापमापक, बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे 0.6 मीटरवर ठेवावा. त्याच क्षणी त्या व्यक्तीला ‘फार थंड’ ते ‘फार गरम’ या सात पायऱ्यांपैकी एक निवडायला सांगावे. सायंकाळी आठवून भरलेली प्रश्नावली दुपारच्या नोंदींशी जुळवणे मला पटत नाही.

भारतीय कार्यालयांच्या अभ्यासातून 2014 मध्ये मांडलेले ‘आयमॅक’ प्रारूप अवश्य पाहा; बाहेरच्या हवामानानुसार आत किती तापमान सुखकर वाटते, ते हे प्रारूप सांगते. त्यानुसार नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत बाहेरचे अलीकडचे सरासरी तापमान 30 अंश असेल, तर आत सुमारे 29 अंशही सुखकर वाटतात. हे सूत्र आपल्या बंद इमारतीला जसेच्या तसे लावू नका. पण खिडक्या उघडता आल्या असत्या तर काय झाले असते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मोजणी एप्रिलमध्ये आणि जुलैमध्येही करावी, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात तापमान उतरते, पण दमटपणा छळतो.

प्रश्नावलीवर कर्मचाऱ्याचे नाव लिहून घेऊ नका आणि ती व्यवस्थापनाच्या हाती देऊ नका. साहेब वाचणार हे ठाऊक असेल, तर कर्मचारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत.