जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बॅकअपसाठी वापरावी का?

लॅपटॉप बंद पडलाय, त्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून तिच्यावर घरचे फोटो ठेवले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण ती फोटोंची दुसरी किंवा तिसरी प्रत असली तरच. फोटो तिच्यावर टाकून मूळ जागेवरून उडवलेत तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

आधी डिस्कचा कनेक्टर बघा. दोन ओळींत बारीक पिना असतील तर ती जुन्या आयडीई प्रकारच्या जोडणीची डिस्क, तिला साटाची (नंतर आलेल्या जोडणीची) केस, म्हणजे डिस्क यूएसबीला जोडायची बाहेरची डबी, बसणार नाही. साटा असेल तर २.५ इंची यूएसबी ३.० केस घ्या. जाडीही मोजा, १२.५ मिमीची डिस्क बऱ्याच केसमध्ये मावत नाही. यूएसबीचे ५ व्होल्ट तिला पुरतात, वेगळा अडॅप्टर लागत नाही.

जोडल्या जोडल्या फॉरमॅट करू नका. आतलं जुनं काही हवं असेल तर आधी काढून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागेल.

आता खरं महत्त्वाचं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'रीअलोकेटेड' (खराब झाल्याने बदललेले) आणि 'करंट पेंडिंग' सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे पाहा. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. तिथले 'रॉ' रकान्यातले आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पटीतल्या मोजणीत, दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसले तर ते १६ असतात. यात बरेच जण फसतात. पेंडिंग म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेले सेक्टर. माझ्या एका डिस्कवर असे ८ होते. एवढ्याने काय होतं म्हणून मी ती वापरत राहिलो आणि काही महिन्यांनी एका सहलीचं अख्खं फोल्डर उघडेना. दुसरी प्रत होती म्हणून ते फोटो आज आहेत.

मग 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. काही तास जातील, जाऊ द्या; त्यात डिस्कचा कानाकोपरा तपासला जातो. फॉरमॅटचा प्रकार निवडताना, फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस घ्या. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, पण मग दर वेळी 'इजेक्ट' करूनच केबल काढा, कारण एक्सफॅटमध्ये जर्नलिंग, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद, नसतं.

फॉरमॅटनंतर ते दोन्ही आकडे पुन्हा बघा. वाढले असतील तर ती डिस्क या कामाला घेऊ नका. संभ्रम वाटला तर आकडे कळवा, बघून सांगतो.