दिवसातून दहा वेळा लिप बाम लावूनही ओठ फुटतात, घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय, "बाम लावला की छान गार वाटतं, पण तासाभरात ओठ पुन्हा कोरडे." मला तर तो गारवाच खटकतोय. डबीवरची घटकांची यादी वाचून बघा. मेंथॉल, कापूर, फिनॉल, पेपरमिंट किंवा दालचिनीचं तेल यांपैकी काही असेल तर तो बाम आजपासून बंद करा. फुटलेल्या ओठांना ही द्रव्यं झोंबतात, ओठ आणखी चुरचुरतात आणि आपण पुन्हा बाम लावतो.

ओठांच्या त्वचेचा वरचा थर फार पातळ असतो आणि तेलाच्या ग्रंथी तिथे जवळजवळ नसतातच. बाकीच्या चेहऱ्यावर जो तेलकट थर आपोआप येतो, तो ओठांवर येत नाही. म्हणून पाणी भरपूर प्यायलं तरी कोरडी हवा, वारा आणि ऊन ओठांतला ओलावा ओढून घेतात.

दुसरा प्रश्न जिभेचा. मी कितीतरी वर्षं दातांनी ओठांची सालं काढायचो. वाचताना जीभ ओठांवरून फिरायची, एखाद्या सालपटाचं टोक लागायचं आणि ते निघेपर्यंत चैन पडायची नाही. ओढलं की टचकन रक्त. दुसऱ्या दिवशी तिथे खपली, आणि त्या खपलीचं टोक पुन्हा जिभेला टोचायचं. ओठ चाटल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण लाळ वाळताना ओलावा घेऊन जाते, आणि तिच्यातली पाचक द्रव्यं नाजूक त्वचेला त्रास देतात ते वेगळंच. लहान मुलांच्या तोंडाभोवती कधीकधी लालसर कडं दिसतं, ते बऱ्याचदा याच सवयीमुळे.

मला गुण आला तो अगदी साध्या उपायाने. झोपताना मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून दोन मिनिटं ओठांवर ठेवायचं. घासायचं नाही, फक्त टिपायचं. ओठ ओलसर असतानाच बिनवासाची, बिनरंगाची पेट्रोलियम जेली जाडसर लावायची. जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवून धरते, म्हणून आधी पाणी आणि मग जेली. दिवसा डबी हाताशी ठेवा आणि जीभ बाहेर येतेय असं जाणवलं की चाटण्याऐवजी जेली लावा. लोंबणारं सालपट अगदीच टोचत असेल तर स्वच्छ, छोट्या कात्रीने तेवढंच कापा. मला आठ-दहा दिवसांत फरक दिसला. साखरेने चोळणं आणि लिंबू लावणं मात्र कृपा करून टाळा. चिरा पडलेल्या ओठांवर दोन्ही अपायकारकच.

ओठ बरे झाल्यावर उन्हात जाताना एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. खालच्या ओठावर ऊन जास्त पडतं, तिथे विसरू नका. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेत झोपत असाल तर आधी नाकाचं बघा. एवढं करूनही फरक नसेल तर टूथपेस्ट बदलून पाहा. बऱ्याच टूथपेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं, ते काहींना सोसत नाही.

ओठ सगळीकडे फुटतात की फक्त कोपऱ्यांत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त कोपऱ्यांत चिरा असतील तर बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, कधी लोह किंवा ब जीवनसत्त्वांची कमतरताही. तिथे नुसती जेली पुरणार नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच. गोळ्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्यात त्या डॉक्टरांना सांगा. आणि एकाच जागी खरखरीत डाग किंवा जखम दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.