कपाटातलं मशीन आणि गप्प पडलेला ग्रुप

प्रश्न : ताई, २०२० मध्ये कोविडच्या साथीत आम्ही कॉलेजच्या वर्गमित्रांनी वर्गणी काढून एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे चार ऑक्सिमीटर घेतले, गरजूंकडे फिरवले. आता सगळं माझ्या कपाटात आहे आणि ग्रुपवर फक्त वाढदिवस. काय करू?

उत्तर : आधी ऑक्सिमीटरमधले सेल काढा, आजच. आमच्या बॅचचा एक माझ्याकडे तसाच राहिला. सेल पाझरले, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या. चूक माझीच.

कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात अडकवून ऑक्सिजन पुढे देतो. झिओलाइट ओलावाही शोषतं, त्यामुळे मशीन नुसतं पडून राहिलं तर बिघडू शकतं. फिल्टर बघा, ऑक्सिजनची शुद्धता जाणकाराकडून मोजून घ्या, नळी नवी आणा. फुप्फुसाच्या जुन्या आजारात काहींना घरी ऑक्सिजन लागतोच, साथ ओसरली तरी. डॉक्टरांनी सांगितलं असेल त्यांनाच द्या.

ग्रुपचं म्हणाल, तर आमच्यात सगळ्यात जास्त राबला तो वर्गात कधी तोंडही न उघडणारा मुलगा. रोज संध्याकाळी घरी विलगीकरणात असलेल्यांना फोन, ऑक्सिजनचा आकडा वहीत. ९४च्या खाली दिसला की आधी विचारायचा, ‘नखांना रंग लावलाय का? बोटं गार आहेत का?’ (त्यानेही आकडा चुकतो.) मग लगेच डॉक्टर मैत्रिणीला फोन.

‘कसे आहात सगळे?’ असं टाकू नका, नुसते अंगठे येतील. मशीनचा फोटो टाका आणि विचारा, पुढचे सहा महिने हे कोण सांभाळणार?